वाइन बॉटलिंगसाठी फिल्टर हाउसिंग कोणतं घ्यावं? टी-टाइप, इनलाइन, बॅग की तीन कार्ट्रिजचं एकत्र

पिंपळगावकर (धागाकर्ता)

नाशिक जिल्ह्यातल्या एका छोट्या वायनरीच्या बॉटलिंग लाइनवर फिल्टर हाउसिंग (ज्यात गाळणीच्या कार्ट्रिज, म्हणजे नळकांड्या बसतात ते स्टीलचं भांडं) बसवायचं आहे. लाइन ताशी १५०० बाटल्यांची, बाटली ७५० मिलीची, म्हणजे ताशी ११२५ लिटर. बहुतेक माल पांढऱ्या वाइनचा, त्यातली काही गोडसर, त्यामुळे बाटलीत यीस्ट गेलं तर ती पुन्हा आंबणार. शीट फिल्टरच्या पुढे १ मायक्रॉनची डेप्थ कार्ट्रिज (जाड थरात गाळणारी) आणि फिलरच्या (बाटल्या भरणाऱ्या यंत्राच्या) अगदी आधी ०.४५ मायक्रॉनचं मेम्ब्रेन, म्हणजे बारीक छिद्रांचा पडदा, असा बेत आहे. लाइनवर वाफ नाही, निर्जंतुकीकरण गरम पाण्याने करायचं.

मेम्ब्रेनच्या टप्प्यासाठी तीन कोटेशन आली आहेत:

अ) ३० इंची तीन कार्ट्रिजचं एकच हाउसिंग, ३१६एल स्टेनलेस स्टीलचं
ब) ३० इंची एकेका कार्ट्रिजची टी-टाइप तीन सुटी हाउसिंग, ३०४ स्टेनलेस स्टीलची
क) आधी बॅग हाउसिंग आणि शेवटी एकच इनलाइन हाउसिंग

'अ'च्या रेखाचित्रात वरच्या घुमटाला एकच नोझल आहे, त्यावर प्रेशर गेज, तेही पाव इंची बीएसपी (आट्यांच्या) सॉकेटमध्ये. कच्च्या बाजूचा (न गाळलेल्या द्रवाकडचा) ड्रेन शेलच्या कडेला, तळापासून २० मिमी वर. फिनिशच्या रकान्यात फक्त 'मिरर पॉलिश' लिहिलंय. किमतींत बराच फरक आहे. कोणता प्रकार योग्य, ३०४ चालेल का, आणि रेखाचित्रात काय बदलून घ्यावं?

---

स्वच्छबाजू

आधी प्रकार नीट वेगळे करू, कारण 'क' मध्ये दोन वेगळ्या कामांची भांडी एकत्र आली आहेत.

बॅग हाउसिंग म्हणजे आत भोकांची स्टीलची टोपली आणि तिच्यात कापडी पिशवी. द्रव पिशवीच्या आतून बाहेर जातो, घाण पिशवीतच राहते. १ नंबरची पिशवी साधारण ७ इंच व्यास आणि १७ इंच लांब, २ नंबरची तितक्याच व्यासाची पण ३२ इंच लांब. क्षेत्रफळ अंदाजे पाव आणि अर्धा चौरस मीटर. साल, बिया, बेंटोनाइटचा गाळ अशा जाड मालासाठी उत्तम. पण पिशवीची कड टोपलीच्या ओठावर फक्त दाबून बसते, त्यामुळे तिथून थोडंफार निसटतंच. जिथे एकही यीस्ट पुढे जायला नको तिथे बॅगवर विसंबता येत नाही. तुमच्याकडे शीट फिल्टर आहेच, त्यामुळे बॅगची गरजही नाही.

कार्ट्रिज हाउसिंगमध्ये उलटं असतं. द्रव कार्ट्रिजच्या बाहेरून आत जातो आणि मधल्या पोकळीतून खाली उतरतो. शेल आणि कार्ट्रिज यांच्यामधली जागा कच्ची बाजू, कार्ट्रिजच्या पोटातली जागा स्वच्छ बाजू. एका कार्ट्रिजच्या हाउसिंगचे दोन प्रकार:

टी-टाइपमध्ये आवक आणि जावक दोन्ही खालच्या बेसला, समोरासमोर, एका रेषेत. पाइप न सोडवता घुमट वर उचलून कार्ट्रिज बदलता येते. द्रवासाठी हाच घ्यावा.

इनलाइनमध्ये एका टोकाने आवक, दुसऱ्या टोकाने जावक. आटोपशीर आणि स्वस्त, पण कार्ट्रिज बदलायची तर पाइपलाइन खोलावी लागते आणि प्रत्येक वेळी स्वच्छ बाजू उघडी पडते. हवा, नायट्रोजन, टाकीचा व्हेंट यासाठी ठीक. वाइनच्या शेवटच्या टप्प्यावर नको.

तीन, पाच, सात किंवा त्याहून जास्त कार्ट्रिजच्या हाउसिंगमध्ये त्या एकाच बेसप्लेटवर उभ्या राहतात. प्रवाह मोठा असेल तर तेच परवडतं.

आता तुमचा आकडा. ३० इंची तीन कार्ट्रिज म्हणजे १० इंचाचे नऊ तुकडे. ११२५ भागिले ९, प्रत्येक १० इंचावर ताशी १२५ लिटर. हे आरामात झालं. एकच ३० इंची लावली तर तोच आकडा ३७५ होतो. उत्पादकाच्या प्रवाह-दाबफरकाच्या आलेखात वाइनचा चिकटपणा धरून पाहा. नव्या कार्ट्रिजवरचा दाबफरक ०.१ ते ०.२ बारच्या आत राहायला हवा. जास्त क्षेत्रफळ म्हणजे जास्त आयुष्य, आणि मेम्ब्रेन महाग असतं, त्यामुळे शेलमध्ये वाचवलेले पैसे कार्ट्रिजमध्ये निघून जातात.

मी 'अ' घेईन. पण रेखाचित्र आहे तसं नाही.

---

अर्गॉन_टिग

आधी ३०४चं. वाइनमध्ये सल्फर डायऑक्साइड असतो. भांडं पूर्ण भरलेलं असताना ३०४ निभावून नेतं. पण अर्धवट भरलेल्या भांड्यात वरच्या हवेत तो वायू साचतो, ओल धरलेल्या भिंतीवर बसतो आणि तिथे बारीक खड्डे पाडतो. फिल्टर हाउसिंग तर रोज भरतं आणि रिकामं होतं. वाइनला लागणारा प्रत्येक भाग ३१६एल हवाच. पाय, क्लॅम्प, नट-बोल्ट ३०४चे चालतील.

३०४ की ३१६ हे चुंबकाने कळत नाही, दोन्हीला चुंबक जवळजवळ लागत नाही. फरक मॉलिब्डेनमचा. ३१६एलमध्ये २ ते ३ टक्के असतं, ३०४मध्ये मुद्दाम घातलेलं नसतं. मॉलिब्डेनमची थेंब-चाचणी करा किंवा एक्स-रे गन घेऊन येणाऱ्याकडून शेल, घुमट, बेसप्लेट आणि प्रत्येक फेरूल (क्लॅम्पच्या जोडाची कडी) वेगवेगळं तपासून घ्या. शेल ३१६एल आणि फेरूल ३०४, असा प्रकार पुष्कळदा सापडतो. 'एल' म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत. वेल्डशेजारी गंज धरू नये म्हणून ते महत्त्वाचं.

'मिरर पॉलिश' हा फिनिशचा आकडा नव्हे. आरशासारखं चमकणाऱ्या पत्र्यावर बफिंगने ओरखड्यांवर धातू दडपलेला असू शकतो आणि त्याखाली पॉलिशचा मेण-साबण अडकून राहतो. ऑर्डरमध्ये लिहा: आतून आरए (पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा) ०.५ मायक्रॉन किंवा कमी, त्यानंतर इलेक्ट्रोपॉलिश (विजेने पृष्ठभाग गुळगुळीत करणं), मोजणी यंत्राचा अहवाल सोबत. ०.८ ही स्वच्छ उपकरणांची सर्वसाधारण कमाल मर्यादा. ०.८ च्या आत म्हणजे चालेल, ०.५ म्हणजे चांगलं.

वेल्ड आतून बघा. आतला रंग चंदेरी किंवा फार तर फिकट पिवळा असावा. निळा, जांभळा, काळपट दिसला तर आतून अर्गॉन नीट दिला नाही असं समजा. तिथला क्रोमियम ऑक्साइडचा थर बिघडलेला असतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. पिकलिंग-पॅसिव्हेशन (आम्लाने वेल्ड साफ करून संरक्षक थर परत आणणं) करून दाखवल्याशिवाय माल उचलू नका. सायट्रिक आम्लाने करणार असतील तर ४ ते १० टक्के द्रावण, ६० ते ७० अंश.

आता रेखाचित्र:

१. बीएसपी सॉकेट काढून टाका. आट्यांमध्ये वाइन जाते, बाहेर येत नाही आणि गरम पाणीही तिथे फिरत नाही. गेज टीसी (ट्राय-क्लॅम्प, बिनआट्यांचा जोड) क्लॅम्पवरचा, डायफ्राम सीलचा घ्या. हाउसिंगच्या आत कुठेही आटे नकोत, मधल्या टाय-रॉडलाही नकोत.

२. घुमटावर व्हेंट स्वतंत्र हवा आणि तो सगळ्यात उंच बिंदूवर. आत्ता गेजने ती जागा अडवली आहे. हवा बाहेर गेली नाही तर कार्ट्रिजचा वरचा भाग कोरडाच राहतो. तितकं क्षेत्रफळ फुकट जातं आणि गरम पाणीही तिथे पोहोचत नाही.

३. ड्रेन तळापासून २० मिमी वर म्हणजे खाली डबकं. २१५ मिमी आतल्या व्यासाच्या शेलमध्ये २० मिमी उंचीचं पाणी म्हणजे जवळजवळ पाऊण लिटर. बेसप्लेटला उतार आणि ड्रेन सगळ्यात खाली, प्लेटशी सपाट. कच्च्या बाजूला एक आणि स्वच्छ बाजूला दुसरा, असे दोन ड्रेन.

४. नोझलच्या फांद्या आखूड. फांदीची लांबी तिच्या आतल्या व्यासाच्या दुपटीपेक्षा जास्त नको.

५. शेल आणि बेस यांच्या सांध्यात गॅस्केट आतल्या भिंतीशी सपाट बसणारं हवं. खोल चौकोनी खाचेतल्या ओ-रिंगमागे माल राहतो.

क्लॅम्प-बँड घ्यायचा की झुलत्या बोल्टांचा सांधा, ते दाबावर आणि व्यासावर ठरवा. बोल्ट असतील तर समोरासमोरचे जोडीने आवळा, एका बाजूने ओळीने नको.

---

दूधगाळणी

बॅग आणि जाळीबद्दल थोडं, कारण इथे पुढेमागे दूधवाले वाचतील.

दुधातल्या स्निग्धांशाच्या गोळ्या साधारण ०.१ पासून १० मायक्रॉनपर्यंत असतात. त्यामुळे ०.४५चं मेम्ब्रेन दुधाला लावायचं नसतंच. तिथे पाश्चरायझरच्या प्लेट्स वाचवण्यासाठी इनलाइन जाळी लागते. १०० मेशची जाळी म्हणजे सुमारे १५० मायक्रॉन, २०० मेश म्हणजे ७५. भोकांच्या नळीवर फिल्टरचं कापड किंवा मोजा चढवतात. चालू प्रक्रियेत लाइन थांबवता येत नाही म्हणून जोडहाउसिंग लावतात: एक चालू, दुसरं धुवायला मोकळं. बदलताना नवीन बाजू आधी भरून, हवा काढून मगच वळवा. नाहीतर हवेचा फुगा पाश्चरायझरात शिरतो आणि तापमान हेलकावतं, वळवणारा वॉल्व्ह दूध परत फिरवतो.

तूप आणि खाद्यतेलाला ईपीडीएमची (एका कृत्रिम रबराची) गॅस्केट कधीच नको. स्निग्धांशाने ती फुगतात, मऊ पडतात आणि खाचेतून बाहेर येतात. तिथे एफकेएम (फ्लोरोरबर) किंवा पीटीएफई (टेफ्लॉन). उलट गरम कॉस्टिक आणि वाफेपुढे साधं एफकेएम टिकत नाही, तिथे ईपीडीएम. तुपाची लाइन कॉस्टिकने धुणाऱ्यांनी दोन्ही बाजू बघूनच ठरवावं.

धाग्याच्या विषयाला धरून एक शंका. हाउसिंग सीआयपीने (न उघडता, जागच्या जागी धुऊन) आपोआप स्वच्छ होईल असं कोटेशनमध्ये म्हटलंय का?

---

पिंपळगावकर

हो, 'सीआयपी-योग्य' असं लिहिलंय. अर्गॉन_टिग, पाचही मुद्दे पुरवठादाराला पाठवतो. वाइनसाठी गॅस्केट कोणतं? आणि कार्ट्रिजसाठी एकाने 'कोड ७', दुसऱ्याने 'कोड ३' लिहिलंय, त्यात काय फरक?

---

ओरिंग_२२६

कोड म्हणजे कार्ट्रिजच्या दोन टोकांचा आकार.

कोड ७: खाली २२६ मापाच्या दोन ओ-रिंग, त्यांच्या वर दोन कान, टोकाला भाल्यासारखं पातं. घालून पाव वळसा दिला की कान बेसमधल्या खाचेत अडकतात, पातं वरच्या प्लेटच्या भोकात बसतं.

कोड ८: खाली २२२ मापाच्या दोन ओ-रिंग, वर पातं, कान नाहीत.

कोड ३: खाली २२२ च्या दोन ओ-रिंग, वरचं टोक सपाट, कान नाहीत. वरून प्लेटने दाबून धरावं लागतं.

याशिवाय दोन्ही टोकं उघडी असलेली, सपाट गॅस्केटवर दाबून बसणारी स्वस्त कार्ट्रिज असते. ती पाण्याच्या प्लांटला ठीक, शेवटच्या मेम्ब्रेनला अजिबात नको. सपाट गॅस्केट जराशी तिरकी दाबली गेली की कच्चा माल सरळ स्वच्छ बाजूला जातो.

तुम्हाला कोड ७ हवं. फिलर अचानक बंद झाला की पाइपमध्ये उलटा धक्का येतो. कान नसलेली कार्ट्रिज त्या धक्क्याने सॉकेटमधून थोडी वर सरकते, परत खाली बसते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. हाउसिंगच्या पुढे नॉन-रिटर्न वॉल्व्हही लावा.

मापं व्हर्नियरने तपासून घ्या. २२२ म्हणजे आतला व्यास ३७.७ मिमी, २२६ म्हणजे ५०.४ मिमी, दोन्हींची जाडी ३.५३ मिमी. २२२ची कार्ट्रिज २२६च्या सॉकेटमध्ये सैल उभी राहते. वरून प्लेट लावली तर सरळही दिसते आणि गाळत मात्र काहीच नाही.

बसवताना: पिशवीचं फक्त खालचं टोक कापा, बाकी पिशवी कार्ट्रिजवरच ठेवा. ओ-रिंग स्वच्छ पाण्याने ओल्या करा, ग्रीस किंवा तेल नको. कार्ट्रिज तळाजवळ धरा. वरच्या टोकाला धरून दाबली तर मधला जोड वाकतो, ३० इंचीत तर हमखास. सरळ खाली दाबा, मग वळवा, मगच पिशवी काढा. कोरडी ओ-रिंग ढकलली तर ती खाचेत पीळ घेते किंवा कापली जाते.

सॉकेटच्या आतून बोट फिरवा. नखाला लागेल असा उभा ओरखडा असेल तर दोन्ही ओ-रिंगखालून गळणार, कारण उभा ओरखडा दोघींनाही ओलांडून जातो. आडवा ओरखडा एकवेळ परवडला.

वाइनसाठी ईपीडीएम घ्या. गरम पाणी आणि पेरॲसेटिक आम्ल दोन्ही सोसतं. सिलिकॉनमधून ऑक्सिजन सहज आरपार जातो आणि ते वासही धरून ठेवतं. कार्ट्रिजसोबत येणाऱ्या ओ-रिंग पुष्कळदा सिलिकॉनच्या असतात, म्हणून ऑर्डरमध्येच ईपीडीएम लिहा.

---

अर्गॉन_टिग

ओरिंग_२२६ यांना दुजोरा. सॉकेटची खोली आणि खाच हाउसिंगवाल्याने कार्ट्रिज हातात घेऊन जुळवायला हवी. सातपूर-अंबडला बनवून घेत असाल तर ज्या कंपनीची कार्ट्रिज वापरणार तिचा एक नग फॅब्रिकेटरला देऊन ठेवा. नुसत्या कागदावरच्या मापाने कान अडकतात पण घट्ट बसत नाहीत.

---

पेट्री_डिश

'सीआयपी-योग्य'बद्दल दूधगाळणी यांनी योग्य जागी बोट ठेवलंय. हिशेब करून बघा. दीड इंची पाइपचा आतला व्यास सुमारे ३५ मिमी. त्यात सेकंदाला १.५ मीटर वेग हवा, म्हणजे ताशी साधारण ५ हजार लिटर पाणी. तेच पाणी २१५ मिमी व्यासाच्या शेलमध्ये शिरलं की वेग उतरतो सेकंदाला ४ सेंटिमीटरवर. पाइप घासून निघतो, शेल फक्त भिजतं. पंप वाढवून हे सुटणार नाही.

म्हणून रोजचं काम वेगळं आणि आठवड्याचं वेगळं. रोज कार्ट्रिज आत ठेवून धुणं आणि गरम पाणी. आठवड्यातून एकदा, किंवा लाइन बंद ठेवताना, कार्ट्रिज काढून शेल, घुमट, बेसप्लेट हाताने, मऊ ब्रशने. स्टीलवूल किंवा हिरवी घासणी नको. सॉकेटच्या तळाशी आणि ड्रेन वॉल्व्हच्या पोटात ब्रश पोहोचला पाहिजे. ड्रेनला साधा बॉल वॉल्व्ह असेल तर बॉलमागच्या पोकळीत साखर आणि यीस्ट साचतात, तिथे डायफ्राम वॉल्व्ह लावा.

बॉटलिंग संपल्यावरचा क्रम. आधी नायट्रोजनने वाइन पुढे ढकलायची. तीन कार्ट्रिजच्या हाउसिंगमध्ये २५ ते ३० लिटर असतात, म्हणजे जवळजवळ ४० बाटल्या, त्या गटारात कशाला जाऊ द्यायच्या? दाब ०.५ बार पुरे. ओलं मेम्ब्रेन एवढ्या दाबाला वायू पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे पातळी कार्ट्रिजच्या खाली गेली की प्रवाह आपोआप थांबतो. तळाला उरलेली वाइन कच्च्या बाजूच्या ड्रेनमधून काढा.

मग गार पाणी, रंग आणि वास जाईपर्यंत. मग ५० अंशाच्या आसपासचं पाणी. त्यानंतरच ८० ते ८५. थेट ८५ अंशाचं सोडलं तर प्रथिनं आणि इतर कलिल पदार्थ मेम्ब्रेनमध्येच शिजून बसतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाबफरक आधीच वर दिसतो.

८० अंशाच्या वर २० ते ३० मिनिटं. घड्याळ सुरू करायचं ते फिलरच्या शेवटच्या तोटीला ८० लागल्यावर, बॉयलरवरचा आकडा बघून नाही. व्हेंट आणि दोन्ही ड्रेन थोडे उघडे ठेवा, तिथूनही गरम पाणी झिरपत राहू द्या. थंड असताना ५ बार सोसणारं बहुतेक मेम्ब्रेन ८० अंशाला २ बारच्या आसपास येतं, म्हणून प्रवाह हळू.

थंड करतानाची चूक सगळ्यात जास्त होते. गरम हाउसिंगचे वॉल्व्ह बंद करून तसंच सोडलं की आतली वाफ आणि हवा आक्रसते, निर्वात तयार होतो आणि कुठल्यातरी क्लॅम्पच्या गॅस्केटमधून खोलीतली हवा आत ओढली जाते. थंड पाणी नेहमीच्याच वाटेने, कच्च्या बाजूने आत सोडून मेम्ब्रेनमधून पुढे न्या, म्हणजे फिलरला गाळलेलंच पाणी मिळेल.

हे सगळं पाणी आधी १ मायक्रॉनमधून गाळलेलं हवं. बोअरचं न गाळलेलं पाणी धुण्याला वापरलं तर लोह आणि क्षार मेम्ब्रेनवर बसतात. मेम्ब्रेन वाइनने तुंबलं असं वाटतं आणि प्रत्यक्षात ते धुण्याने तुंबलेलं असतं. हायपोक्लोराइट या हाउसिंगमध्ये अजिबात नको. क्लोराइडने ३१६एललाही खड्डे पडतात, आणि क्लोरीन वायनरीत नकोच, बुचाच्या बुरशी वासाची सुरुवात तिथून होते.

---

पिंपळगावकर

मेम्ब्रेन शाबूत आहे हे कसं तपासायचं? दाबचाचणीचं यंत्र घ्यायला सांगताहेत, ते महाग आहे.

---

पेट्री_डिश

वायनरीला चांगला गेज, नायट्रोजनचा सिलिंडर आणि घड्याळ पुरतं. तत्त्व असं: ओल्या छिद्रातलं पाणी बाहेर ढकलायला ठराविक दाब लागतो. त्याच्या खाली वायू फक्त पाण्यात विरघळून सावकाश पलीकडे जातो. भोक किंवा फाट असेल तर तो धावत जातो.

१. मेम्ब्रेनमधून गार, गाळलेलं पाणी ५ ते १० मिनिटं सोडा, व्हेंट उघडून हवा काढा.
२. कच्च्या बाजूचं पाणी ड्रेनने काढून टाका. स्वच्छ बाजू वातावरणाला उघडी ठेवा.
३. उत्पादकाने दिलेल्या चाचणी-दाबापर्यंत नायट्रोजन भरा. हा दाब बबल पॉइंटच्या (ओल्या छिद्रातलं पाणी ढकलून वायू बाहेर पडतो त्या दाबाच्या) साधारण ८० टक्के असतो.
४. ५ मिनिटं थांबा, दाब स्थिरावू द्या, कमी झाला असेल तर परत तेवढा भरा.
५. नायट्रोजनचा वॉल्व्ह बंद. पुढची ५ मिनिटं दाब किती उतरतो ते लिहा. मर्यादा उत्पादकाच्या तक्त्यातली, तुमच्या हाउसिंगच्या आकारमानासाठीची.

खोट्या नापास होण्याची दोन कारणं पक्की लक्षात ठेवा. पहिलं, वाइन नीट धुतली नाही. वाइनचा पृष्ठताण पाण्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, तितकाच बबल पॉइंटही खाली येतो, आणि धडधाकट मेम्ब्रेन नापास दिसतं. दुसरं, हाउसिंग अजून कोमट आहे. १.६ बार गेज दाबाला, खोलीच्या तापमानाजवळ, वायू १ अंशाने थंड झाला तरी दाब सुमारे ९ मिलिबारने उतरतो. ३ अंश म्हणजे २७ मिलिबार, गळती नसतानाही. शेलला हात लावून बघा, सगळीकडे खोलीइतकं थंड लागलं तरच सुरू करा.

नापास झालं तर आधी क्लॅम्प आणि व्हेंटला साबणाचं पाणी लावा, मग कार्ट्रिजच्या ओ-रिंग बघा, मग पुन्हा ओलं करून तपासा. तरीही नापास, तर तिन्ही कार्ट्रिज एकेक करून एका कार्ट्रिजच्या हाउसिंगमध्ये. तीन एकत्र असताना तिघींचा नैसर्गिक झिरपा बेरजेत येतो आणि एकीची बारीक फाट त्यात लपू शकते. एवढ्यासाठी 'ब' मधलं एक सुटं टी-टाइप हाउसिंगही घ्या, मात्र ३१६एलचं.

चाचणी बॉटलिंगच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा. नंतरची नापास झाली तर मधल्या सगळ्या बाटल्या संशयित धरून वेगळ्या ठेवायच्या.

---

वाफवाला

पुढे वाफ घेण्याचा विचार असेल तर हाउसिंग आत्ताच तसं मागवा, नंतर बदलता येत नाही. १२१ अंशाची संपृक्त वाफ म्हणजे १.०५ बार गेज. वाफ घुमटाकडून, कच्च्या बाजूने, हळू. कार्ट्रिजवरचा दाबफरक ०.३ बारच्या वर जाऊ द्यायचा नाही, १२१ अंशाला प्लास्टिकचा गाभा मऊ असतो आणि आत चेपतो. दोन्ही ड्रेनमधून कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) सतत निघायला हवं. ३० मिनिटांनंतर वाफ बंद करताच गाळलेल्या कोरड्या हवेने किंवा नायट्रोजनने दाब धरून ठेवा. १ किलो वाफ वातावरणाच्या दाबाला दीड हजार लिटरपेक्षा जास्त जागा व्यापते, थंड होऊन १ लिटर पाणी उरतं. म्हणून शेल पूर्ण निर्वात सोसतं असा शेराही लिहून घ्या.

टाकीच्या व्हेंट फिल्टरला हाच नियम, आणखी काटेकोरपणे. गरम धुतलेल्या टाकीत गार पाणी फवारलं आणि व्हेंटचं मेम्ब्रेन ओलं किंवा तुंबलेलं असेल तर टाकी आत चेपते. तिथे पाणी न धरणारं पीटीएफई मेम्ब्रेन, हाउसिंग कंडेन्सेट परत वाहील असं उतरतं, आणि टाकीवर वेगळा निर्वात-वॉल्व्ह.

---

स्वच्छबाजू

लाइनवर वाफ नाही हे धागाकर्त्यांनी सांगितलंय, पण निर्वाताचा मुद्दा गरम पाण्यालाही लागू, तेव्हा तो शेरा घ्याच.

एक भर. मेम्ब्रेन लवकर तुंबतं त्याला हाउसिंग जबाबदार नसतं, वाइन तयार नसते. बॉटलिंगच्या आदल्या दिवशी ०.४५च्या लहान चकतीतून ठराविक दाबाने वाइन सोडा. पहिले २०० मिली किती सेकंदांत आणि ४०० मिली किती सेकंदांत ते मोजा. दुसरे २०० मिली पहिल्यापेक्षा फार हळू येत असतील तर ती वाइन तीन कार्ट्रिज खाऊन टाकेल. तिला पुन्हा गाळा किंवा स्थिरावू द्या.

आणि दाबफरक दर अर्ध्या तासाला लिहा. सावकाश चढला तर नैसर्गिक. एकदम उतरला तर आनंद मानू नका, काहीतरी फाटलं किंवा कार्ट्रिज सॉकेटमधून निघाली. लाइन थांबवा.

---

पिंपळगावकर

ठरलं ते असं: तीन कार्ट्रिजचं ३१६एल हाउसिंग, कोड ७, आरए ०.५ आणि इलेक्ट्रोपॉलिश, ईपीडीएम, घुमटावर व्हेंट, दोन डायफ्राम ड्रेन, दोन टीसी गेज, पूर्ण निर्वाताचा शेरा. तपासणीसाठी एक सुटं टी-टाइप. माल ताब्यात घेताना फॅब्रिकेटरच्या शेडमध्येच काय बघू?

---

अर्गॉन_टिग

हायड्रोटेस्ट (पाणी भरून दाबचाचणी) तुमच्यासमोर, कमाल कामाच्या दाबाच्या १.३ पट, पाणी कमी क्लोराइडचं. टेस्ट झाल्यावर घुमट काढायला सांगू नका, आधी फक्त ड्रेन उघडा आणि १० मिनिटं थांबा. मग घुमट काढून बॅटरीच्या उजेडात बेसप्लेट बघा. सॉकेटभोवती किंवा कडेला पाण्याचं तळं दिसलं तर प्लेटचा उतार चुकलाय, परत करायला लावा. पांढरं सुती फडकं आतल्या वेल्डवरून फिरवा, धागा अडकला तर तिथे खडबडीत आहे. पॉलिशचा काळा डाग फडक्यावर आला तर धुऊन पॅसिव्हेशन पुन्हा. शेवटी तुमची कार्ट्रिज प्रत्येक सॉकेटमध्ये स्वतः बसवा, वळवा आणि वर ओढून बघा.

---

ओरिंग_२२६

ओढताना तळाजवळ धरूनच. आणि ती नमुना कार्ट्रिज बॉटलिंगला वापरू नका, पुढच्या हाउसिंगच्या वेळी मापाला उपयोगी पडेल.